शाल भलत्याच खांद्यावर

"सत्कार करायचा म्हणतेत अण्णा," गोपाळ क्लार्क म्हणाला, तसं सुभद्राबाईनं हातातलं लाकूड चुलीत असं कोंबलं की ठिणग्या थेट त्याच्या पँटपर्यंत उडाल्या.

"कुणाचा?"

"शिस्टरचा. आनखी कुणाचा?"

"आन् काहून?"

गोपाळ दोन पावलं मागं सरला. सकाळी शाळेत क्लार्क आणि उरलेला सगळा दिवस पुढारी प्रभूअण्णाचा माणूस, अशी त्याची दोन कामं. घरात मारुतीच्या देवळाची पूजा पिढीजात, त्यामुळं गावात त्याला मान होता. तो मान त्यानं अण्णाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर नेऊन ठेवला होता.

"पन्नास वर्षं झाली त्यायला सिस्टर होऊन. तीन नवंबरला त्यायच्या संताचा सण असतो, त्याच दिवशी कार्यक्रम. अण्णा म्हणले, सव्वीस वर्षं एक बाई आपल्या गावात सेवा करून राहिली आन् आपल्याला पत्ता न्हाई, हे बराबर न्हाई."

"पत्ता कुणाला न्हाई?" सुभद्राबाई म्हणाली. "सगळ्या पिंपळसोंड्याला हाय. तुझ्या अण्णाला नसंल."

तिच्या पुढ्यातल्या पातेल्यात पट्ट्या उकळत होत्या. जखमांच्या पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा वापरायच्या हे तिचं रोजचं काम. वीस वर्षं ती ते करत होती. त्याआधी ती मेंढरामागं हिंडायची. नवरा नामाजी याच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सडला, शहरातल्या डॉक्टरनं कापायचाच म्हणून सांगितलं, तेव्हा ती त्याला बैलगाडीत घालून सिस्टरच्या या दवाखान्यात घेऊन आली होती. आली तीही दात-ओठ खात. गावात तेव्हा एकच बोललं जायचं, की ही बाटवायला आलेली बाई आहे, आज मलम लावील आणि उद्या गळ्यात क्रूस घालील. सुभद्राबाईनं तीन महिने वाट पाहिली. पाय बरा झाला. क्रूस काही आला नाही. तीन महिन्यांनी तिनंच सिस्टरला दरडावून विचारलं, "आमचा बिरोबा सोडा म्हणून कवा सांगनार तुमी?" सिस्टर आग्नेस तेव्हा पाठ वाकवून फरशी पुसत होती. ती म्हणाली, "बिरोबाला माझं काय ओझं झालंय? जरा ती बादली सरकव." सुभद्राबाईनं बादली सरकवली आणि ती तिथंच राहिली.

सिस्टर आग्नेस वसईकडची. एकाहत्तर वर्षांची, बुटकी, काळसर, टाचांना भेगा. अंगावर धुऊन धुऊन पांढऱ्याची राखाडी झालेली सुती साडी. सोबतच्या सिस्टर दर तीन-चार वर्षांनी बदलायच्या, ही मात्र राहिली. आतल्या खोलीत तिनं एका संताची तसबीर लावलेली होती. काळा माणूस, कुरळे केस, हातात झाडू, पायाशी कुत्रं, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत जेवताहेत. संत मार्टिन. चारशे वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा लांबच्या देशातला. आई गुलामगिरीतून सुटलेली, बाप गोरा, त्यानं लेकराचं नाव लावायला आधी नकार दिलेला. मठात त्याला झाडलोट दिली आणि तो झाडत राहिला, आजाऱ्यांना धूत राहिला. सिस्टर रोज सकाळी त्याच्यासमोर दोन मिनिटं उभी राहायची आणि मग अंगण झाडायची. बाकी कुठलं देवपण सुभद्राबाईला पटलं नसतं, पण हातात झाडू असलेला देवमाणूस तिला पहिल्याच दिवशी पटला. गावच्या बायका त्याला झाडूवाला बाबा म्हणायच्या.

सत्काराची गोष्ट सिस्टर आग्नेसनं आधी उडवूनच लावली. पण चौथ्या दिवशी गोपाळ पुन्हा आला आणि त्यानं खरा गळ टाकला. प्रभूअण्णा त्याच्या आईचं घर दवाखान्याला द्यायला तयार होता. स्टेजवर सगळ्यांसमोर चावी देणार होता.

रूपाबाईचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. दोन खोल्या, मोरी, नळ, चार वर्षं कुलपात. इकडं दवाखान्यात रोगी ओसरीवर झोपत होते. तांड्यावरच्या वसरामची बायको संगिता भाजलेला पाय घेऊन महिनाभर ओसरीच्या कोपऱ्यात पडलेली, बाजूला ताडपत्री. रूपाबाई मरताना दहा बायकांदेखत म्हणाली होती, "माझ्या माघारी ह्या घरात दुखणेकऱ्यायला राहू द्या." लेकाला निरोप गेला होता. लेकानं नवं कुलूप पाठवलं.

"येते मी," सिस्टर आग्नेस गोपाळला म्हणाली.

तो गेल्यावर सुभद्राबाई तिच्यावर फिरली. "तुमाला काई वाटत न्हाई? त्याच्या हातनं शाल घेनार तुमी?"

"शाल घेईन, नारळ घेईन, फेटा घातला तरी घेईन," सिस्टर म्हणाली. "संगिताच्या डोक्यावर छप्पर हवंय ना?"

"ते घर रूपाबाईनं दिलेलं हाय. त्याच्या बापाचं न्हाई."

"त्याच्या बापाचंच आहे, सुभद्रा. कागदावर."

सुभद्राबाईच्या मनातला जाळ काही विझला नाही. रूपाबाईचे ते आठ महिने तिनं पाहिले होते. म्हातारी अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या, मूठ जाईल एवढ्या. वासानं भावकीतलं कुणी उंबरा ओलांडत नव्हतं. सिस्टर रोज दोनदा जायची आणि सुभद्राबाई घाण पाण्याचं तसराळं जखमेखाली धरायची. अण्णा तेव्हा हिंगोलीत राहून जिल्ह्याचं भलं करण्यात गुंतलेला. आठ महिन्यांत तो एकदा आला. उंबऱ्यावर उभा राहिला, अत्तराचा रुमाल नाकाला लावून. सिस्टर त्याच्याकडं पाठ करून जखम धूत होती, त्यामुळं त्यानं तिची पाठ तेवढी पाहिली. "सगळं ठीक हाय ना?" असं भिंतीला विचारून तो गेला. दुसऱ्यांदा आला तो तिरडी उचलायला, आणि त्या वेळी सोबत फोटोग्राफर होता.

तीन नोव्हेंबरला बाजारतळावर मांडव पडला. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, कापसाची वेचणी चालू होती, तरी माणूस बराच जमला. जेवण होतं म्हणून जमला असं सुभद्राबाईचं मत. मांडवात शिरताच तिनं स्टेजमागचा बॅनर पाहिला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. बॅनरचा अर्धा भाग प्रभूअण्णाच्या हसऱ्या चेहऱ्यानं व्यापला होता. उरलेल्या अर्ध्यात अण्णाचे कार्यकर्ते गोल गोल चौकटींत. खाली अक्षरं: सेवामूर्ती सिस्टर आग्नेया यांचा भव्य नागरी सत्कार. सिस्टरचा फोटो कुठंच नव्हता. आणि कोपऱ्यात एक संत होता. गोरापान, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी दाढीचा, हातात कमळासारखं काहीतरी.

"हे कोन?" तिनं गोपाळला गाठून विचारलं.

"संत मार्टिन."

"ह्यो? आमच्या दवाखान्यात तसबीर हाय ना त्याची! काळा हाय तो. झाडू कुठं गेला?"

"मी फोटो काढून दिलता बराबर," गोपाळ इकडंतिकडं बघत हळू बोलला. "अण्णा म्हणले, शुभकार्यात असलं काळं ध्यान आन् झाडू चांगला दिसत न्हाई. मंग डिझाइनवाल्यानं दुसरा टाकला."

"आन् आग्नेया कोन?"

"आग्नेस शब्द मराठीत बसत न्हाई, मावशी. मीच संस्कृत करून घेतला." यात मात्र त्याला थोडा अभिमान होता.

सुभद्राबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं मेंढराच्या खुरात अडकलेल्या शेणाकडं पाहतात, आणि ती मागं निघाली.

पहिल्या रांगेत सिस्टरसाठी खुर्ची राखलेली होती. पण सिस्टर आग्नेस आली ती संगिताला धरून. संगिताला ओसरीवर एकटीला करमत नव्हतं आणि तिला खुर्चीवर पाय खाली सोडून बसता येत नव्हतं. मग सिस्टर तिच्यासोबत मागं बायकांत सतरंजीवर बसली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन. "नाव घेतल्यावर जाईन पुढं," ती म्हणाली.

पुढच्या त्या खुर्चीवर गोपाळनं सिस्टर मर्सीला बसवलं. सिस्टर मर्सी त्यांच्या संस्थेच्या वरिष्ठ, या सणासाठी मुद्दाम संभाजीनगरहून आलेल्या. उंच, गोऱ्या, कडक इस्त्रीची साडी, सोनेरी काडीचा चष्मा. मूळच्या केरळच्या, मराठीत त्यांना 'नमस्कार' आणि 'पाणी' एवढंच यायचं. माणूस मोठा सज्जन. दवाखान्यात उतरल्या उतरल्या त्यांनी सुभद्राबाईचे दोन्ही हात हातात घेतले होते.

अकराचा कार्यक्रम. प्रभूअण्णा दीडला आला. जीपमधून उतरला, हात जोडत जोडत मांडवभर फिरला आणि पहिल्या रांगेपाशी आल्यावर त्याला एक सिस्टर दिसली. तो थांबला. त्यानं वाकून, फोटोग्राफरकडं तोंड राहील अशा बेतानं, सिस्टर मर्सीच्या पायांना हात लावला आणि त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं. मोठ्या नक्षीच्या खुर्चीवर बसवलं.

सिस्टर मर्सींना वाटलं, पाहुण्यांचं स्वागत चाललंय. त्या हसत बसल्या.

माइकपाशी उभ्या असलेल्या गोपाळचं तोंड उघडलं. सुभद्राबाईला ते मागूनही स्वच्छ दिसलं. उघडलं, आणि मिटलं. पुढच्या रांगेतला सरपंच सिस्टर आग्नेसच्या हातचं औषध पंधरा वर्षं घेत होता. त्यानं बुटाच्या नाडीकडं पाहिलं. हायस्कूलच्या हेडमास्तरांच्या लेकीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा पावसात तीन मैल चालत गेली होती ती कोण, हे त्यांना ठाऊक होतं. ते छताकडं बघायला लागले. मांडवात चारशे माणूस असेल आणि त्यातल्या साडेतीनशेंना कळलं होतं की बाई भलतीच आहे. पण अण्णा चुकला हे अण्णाला सांगणार कोण?

शाल पडली. नारळ दिला. चंदेरी रंगाची कमरेएवढी ट्रॉफी दिली. टाळ्या झाल्या, आणि चांगल्या जोरात झाल्या.

"आगं बाई, ही तर दुसरीच हाय," संगिता म्हणाली. सुभद्राबाई उठायला लागली, तोच तिच्या मनगटावर सिस्टर आग्नेसचा हात पडला. म्हातारीच्या हातात भलतं बळ होतं.

"बस."

"आवो शिस्टरबाई, डोळे फुटलेत का तुमचे?"

"शाल कुणालाही जाऊ दे. चावी मिळू दे आधी. बस खाली."

सुभद्राबाई बसली, पण तिला सिस्टरचाही राग आला. हे कसलं मोठेपण, तिला वाटलं, ज्याच्यावर बसून दुसऱ्यानं मिरवायचं?

मग प्रभूअण्णा बोलायला उभा राहिला. आवाज त्याचा चांगला होता, त्यावरच तर सगळं चाललं होतं. देश, धर्म, मानवता करत करत तो आईवर आला आणि तिथं त्यानं आवाज ओला केला.

"माझी आई, रूपाबाई! आठ महिने अंथरुणाला खिळून होती. मी सगळी कामं सोडली. सभा सोडल्या, पक्ष सोडला, आईच्या उशाशी बसून राहिलो. आणि त्या दिवसांत ही माउली रोज आमच्या दारात यायची." त्यानं सिस्टर मर्सीकडं हात केला. "एका बाजूला मी, एका बाजूला ही! मी आईला कुशीवर वळवायचो आणि ही जखम धुवायची. हा चेहरा, बंधूंनो, हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही!"

सिस्टर मर्सींनी आपल्याकडं हात झालेला पाहून मान लववली.

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. सुभद्राबाईला मात्र ती खोली आठवली, तो वास, आणि म्हातारीचं दरवेळी दाराकडं बघणं. पाठ धुताना रूपाबाई ओरडायची नाही. "प्रभू आला का?" एवढंच विचारायची. सिस्टर म्हणायची, "वाटेत आहे." आठ महिने तो वाटेतच होता.

"आणि म्हणून," अण्णा म्हणाला, "आईची शेवटची इच्छा आज मी पुरी करतो आहे!"

गोपाळनं एक थर्माकोलची चावी आणली, हातभर लांब, सोनेरी कागद लावलेली. ती अण्णानं सिस्टर मर्सींच्या हातात दिली आणि फोटोसाठी धरून ठेवली. सिस्टर आग्नेसनं श्वास सोडला. "मिळालं," ती पुटपुटली.

"ही चावी प्रतीकात्मक आहे," अण्णा पुढं म्हणाला. "त्या पवित्र घराच्या जागी योग्य वेळी माझ्या आईचं भव्य स्मृतिभवन उभं राहील. तिथं पुतळा असेल, वाचनालय असेल, सभागृह असेल. सिस्टरांच्या आशीर्वादानं ते काम आपण पुढच्या काळात नक्की हाती घेऊ!"

पुन्हा टाळ्या.

मनगटावरची पकड सैल झाली. सुभद्राबाईनं वळून पाहिलं. सिस्टर आग्नेस समोर बघत होती, संगिताचा पाय मांडीवर तसाच. तिनं हात काढून घेतला आणि संगिताच्या पट्टीवर ठेवला. 'बस' असं मात्र या खेपेला म्हणाली नाही.

सुभद्राबाई उठली. बायकांच्या गुडघ्यांवरून, लेकरांच्या डोक्यांवरून ती निघाली आणि स्टेजच्या पायऱ्या चढून थेट माइकपाशी गेली. गोपाळ मधे आला. "मावशी, तुमचं नाव यादीत न्हाई," तो म्हणाला. तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं. मेंढरं आवरलेली बाई, क्लार्क आवरायला तिला कितीसा वेळ लागणार?

"राम राम," ती माइकमध्ये म्हणाली. आपलाच आवाज मोठा झालेला ऐकून क्षणभर दचकली. मग अण्णाकडं वळली. "प्रभू, तुझ्या आईची जखम धुनारी बाई ही व्हय?"

अण्णा हसला. "सुभद्रामावशी आमच्या भावनाशील आहेत."

"मी इचारून राहिले. ही व्हय?"

"म्हणजे काय? सिस्टरच ना."

"ह्या शिस्टर पयल्यांदा आल्यात गावात, काल सांजच्याला. लई चांगल्या हायेत, त्यायचा काई दोष न्हाई. तुझ्या आईला धुनारी ती तिकडं मागं बसलीया, सतरंजीवर." तिनं हात लांब केला आणि चारशे माना मागं वळल्या. "आठ महिने उशाशी बसला व्हतास म्हंतोस. एक दिवस जरी बसला असतास, तर तोंड वळखलं असतंस."

मांडवात बाहेरच्या डिझेल जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. सिस्टर मर्सी गोंधळून एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागल्या.

पण प्रभूअण्णा काही उगीच वीस वर्षं राजकारणात नव्हता. त्यानं माइक ओढून घेतला आणि दोन्ही हात वर केले. "सेवेला चेहरा नसतो!" तो गरजला. "बंधूंनो, सगळ्या सिस्टर मला एकच! हेच मला आज या व्यासपीठावरून दाखवायचं होतं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचानं सगळ्यात आधी वाजवल्या, हेडमास्तरांनी त्याच्या पाठोपाठ. सुटलो एकदाचे, असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं. सुभद्राबाईला वाटलं, खाली उतरून एकेकाचे हात धरून विचारावं, कशासाठी वाजवता? तिला त्या क्षणी अण्णापेक्षा या चारशे जणांची जास्त किळस आली. अण्णा खोटं बोलत होता ते त्याच्या फायद्याचं. हे कशाच्या बदल्यात ऐकत होते? एका वेळच्या पुरीभाजीच्या?

"चेहरा नसंल," टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली. आता माइक नव्हता, पण रानात हाका मारून कमावलेला गळा होता. "पर कुलपाला चावी असती. ती कुठंय? ही न्हाई, ही थर्माकोलची. खरी."

"चावी हिंगोलीला आहे, मावशी. रीतसर कागदपत्रं करून..."

"मंग कुलूप फोडू?"

"असं कसं फोडता येईल?"

"तुझ्या आईनं दहा बाया बसल्या असताना सांगितलंय. त्या दहा बाया हितंच हायेत. उठा गं."

आधी कुणी उठलं नाही. मग तांड्यावरचा वसराम उठला, संगिताचा नवरा. त्याला भाषण येत नव्हतं. "माजी बायको महिना झाला ताडपत्रीखाली हाय," एवढंच तो म्हणाला आणि उभाच राहिला. त्याच्यामागून एक म्हातारी उठली, मग दुसरी. दहा काही झाल्या नाहीत, सहा झाल्या. पण तांड्यावरचे सगळे पुरुष उठले, ते मोजायला अण्णाला वेळ लागला नाही. निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि तांडा सगळा एका बाजूला पडतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"फोडा म्हणतो मी!" अण्णा एकदम ओरडला. "आईसाठी हजार कुलपं फोडीन! चला, आत्ता चला!"

सगळा मांडव उठून गल्लीत आला. जेवण झाकलेलं राहिलं. नामाजी लंगडत घरी जाऊन पहार घेऊन आला. अण्णानं ती हातात घेतली, कुलपाला टेकवली, फोटोग्राफरकडं पाहिलं, तीन फोटो झाल्यावर नामाजीला परत दिली. कुलूप नामाजीनं फोडलं.

आत पवित्र म्हणावं असं काही नव्हतं. अण्णाचे मागच्या निवडणुकीचे बॅनर गुंडाळून छतापर्यंत रचलेले. त्याच्या चेहऱ्याची भिंतीवरची घड्याळं पन्नासेक, वाटून उरलेली, सगळी बंद. उंदरांनी कुरतडलेल्या साड्यांचे गठ्ठे. आणि या सगळ्याखाली, खोलीच्या मध्ये, रूपाबाईची लोखंडी खाट. तिच्यावर टोप्यांची खोकी ठेवली होती.

अण्णा उंबऱ्यावरच थांबला. वास आला तसा त्यानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. सुभद्राबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं होतं, आज तरी हा आत येईल.

सिस्टर आग्नेस मात्र गर्दीतून वाट काढत आत गेली. खाटेवरची खोकी तिनं एकेक करून उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. तिसऱ्या खोक्याला सिस्टर मर्सी तिच्या मदतीला आल्या. मराठी कळत नसलं तरी एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं, डोळे भरले होते. खांद्यावरची शाल काढून त्यांनी ती सिस्टर आग्नेसच्या खांद्यावर टाकायचा प्रयत्न केला. आग्नेसनं ती घेतली, उलटसुलट करून जाडी पाहिली, आणि घडी घालून खाटेच्या उशाला ठेवली. संगिताला त्याच संध्याकाळी त्या खाटेवर निजवलं.

दिवस मावळायच्या सुमाराला दोघी मोरी घासत होत्या. सिस्टर आग्नेस एकाएकी थांबली.

"मला राग आला नाही असं नको समजू, सुभद्रा."

"आला का? बरं झालं. मला वाटलं तुमाला येतच न्हाई."

"माझं काही नाही. मर्सीला आणि मला एकाच मापानं मोजलं, ठीक आहे. पण त्यांनी मार्टिनला गोरा केला." तिचा आवाज कापत होता. वीस वर्षांत सुभद्राबाईनं तिला जखमेतल्या अळ्या हातानं वेचताना पाहिलं होतं, असं कापताना पाहिलं नव्हतं. "अख्खा जन्म लोकांनी त्याला काळा कुत्रा म्हणून हाक मारली. त्यानं ती सोसली. आज त्याच्या सणाला त्याचा रंगच काढून घेतला. हातातला झाडूसुद्धा."

सुभद्राबाई म्हणाली, "ते निळ्या डोळ्याचं ध्यान मी उतरवून आनते. मेंढराच्या वाड्यावर टाकायला बरं पडंल."

सिस्टर हसली नाही, पण तिनं पुन्हा घासायला सुरुवात केली.

पेपरात बातमी आली. फोटोत प्रभूअण्णा पहारीसह. खाली मजकूर, की मातृभक्त अण्णांनी राहतं घर रुग्णांना दान केलं. दुसऱ्या फोटोत सिस्टर मर्सी थर्माकोलची चावी धरून, नाव सिस्टर आग्नेया. दहा दिवसांनी घरावर पाटी लागली. अण्णाचं नाव हातभर उंच, आईचं बोटभर. गोपाळ स्वतः शिडीवर चढून ती ठोकत होता. खाली उभ्या सुभद्राबाईकडं त्यानं बघायचं टाळलं.

पण घर चाललं. महिनाभरात तिथं चार रोगी झाले. संगिता काठी धरून चालायला लागली. जवळा बाजारहून एक म्हातारी आली, साखरेनं पायाला जखम झालेली, घरच्यांनी रिक्षात घालून पाठवून दिलेली. तिचं नाव जाई, आणि अंगाला येणाऱ्या वासाची तिची तिलाच एवढी लाज, की कुणी जवळ आलं की ती तोंड भिंतीकडं करायची.

तिची जखम धुणं चालू असतानाच एके दिवशी सकाळी प्रभूअण्णाची जीप आली. सोबत पेपरवाला होता आणि दुसऱ्या एका गावचे दोन पुढारी, त्यांना हा आदर्श उपक्रम दाखवायचा होता. अण्णा पाटीपाशी उभा राहून समजावून सांगत होता.

"आत या की," सुभद्राबाई म्हणाली.

पाहुण्यांसमोर त्याला यावं लागलं. पेपरवाल्यानं कॅमेरा काढला. सिस्टर आग्नेस पाठ करून जखमेवर वाकलेली होती. तिनं मान वळवली नाही. सुभद्राबाईनं हातातलं तसराळं अण्णापुढं केलं. त्यात पू होता, रक्त होतं, कापसाचे बोळे होते.

"धरा जरा. मला दुसरं पानी आनायचंय."

अण्णानं तसराळ्याकडं पाहिलं. त्याचे हात पुढं आले नाहीत, खिशाकडं गेले.

"मला कळमनुरीला मीटिंग आहे, मावशी," तो रुमालातून म्हणाला. "निघतच होतो."

जीप गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तिचा हॉर्न वाजत राहिला. जाईनं भिंतीकडचं तोंड थोडं वळवलं.

"कोन व्हतं ते, बाई?"

"कुनी न्हाई," सुभद्राबाई म्हणाली आणि तसराळं रिकामं करायला मोरीकडं गेली.